नानांचा आरसा

पनवेलला आमच्या आळीत कुणी वारलं, की तिरडीचे बांबू आणायला माणूस निघायच्या आत नाना हजर. नाना मिठाच्या वखारीत कारकून. कोटाच्या खिशातून ते कुंकवाच्या करंड्यातला छोटा गोल आरसा काढायचे, गेलेल्या माणसाच्या नाकापुढे धरायचे आणि चष्मा सरसावून बघत बसायचे. खोळंबलेली मंडळी कुरकुरायची. नानांचं उत्तर ठरलेलं, "घाई नको. आरसा बघू."

हे खूळ एका मुक्या सिनेमाचं. तरुणपणी त्यांनी तंबूत एक विलायती भयपट पाहिला होता. त्यात नवरा बायकोला मेली समजून तळघरात पुरतो. ती असते जिवंत, आणि ऐन वादळात पेटी फोडून दारात येऊन उभी राहते. नाना ही गोष्ट बारशालासुद्धा सांगत.

"त्यांच्यात पुरतात, म्हणून ती परत तरी आली," ते बोट उगारून म्हणत. "आपल्यात चूक दुरुस्त करायला वाव आहे का?"

बायका तोंडाला पदर लावून हसत. मी नानांची नक्कल झकास करायचो.

मग एका दुपारी माझी आत्या तापात एकदम गार पडली. डॉक्टर नेऱ्याला व्हिजिटला गेलेले. शेजारच्या बापूंनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

नाना आले. त्यांनी आरसा धरला, बराच वेळ धरला.

"नाना, आता पुरे," बापू म्हणाले.

"थांबा की जरा."

आरशाच्या कडेला धुकं आलं. नानांनी तो पुसून पुन्हा धरला. पुन्हा धुकं.

मग शेक, सुंठ, नुसती धावपळ. दिवेलागणीला आत्याने डोळे उघडले आणि चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली. इतकी गोड तक्रार मी आयुष्यात ऐकलेली नाही.

नाना बाहेर पायरीवर बसले होते. मी त्यांना चहा नेऊन दिला.

"पहिल्यांदाच आलं रे धुकं," ते म्हणाले. "आमची ही बाळंतपणाला माहेरी गेली होती, उरणला. तिचं जास्त आहे असा निरोप आला, तेव्हा मी तंबूत ते चित्र बघत बसलेलो. पोचलो तर सगळं आटोपलेलं. सासऱ्यांनी तिचा करंडा हातात ठेवला."

धोतराच्या सोग्याने आरसा पुसत त्यांनी विचारलं, "तिचं कुणी नीट बघितलं असेल ना रे?"

"बघितलं असणार, नाना."

"अरे, नानांच्या चहात तरी साखर घातलीस का?" आतून आत्या कडाडली.

नाना तो आवाज विरेपर्यंत कान देऊन ऐकत राहिले. मग आरसा खिशात ठेवून ते चहा प्यायले.