सातवीच्या वर्गात अमेरिका

"अमेरिकाच आणून बसवतो की तुमच्यापुढे!" दीनानाथ चिटणीस सर ट्रस्टच्या बैठकीत छाती काढून म्हणाले, आणि तिथेच घोळ झाला. इतिहासाच्या मास्तरांनी भूगोल इतका सोपा समजायला नको होता!

गोष्ट २००७ सालची. बडोद्यातल्या त्या शाळेचा मराठी विभाग बंद करायचं ट्रस्टनं जवळजवळ ठरवलंच होतं. इंग्रजी विभागात मुलांना बसायला जागा नाही, आणि मराठी सातवीत उरलेली मुलं अकरा! अध्यक्ष जयसिंगराव म्हणाले, "चिटणीस, भाषेवर प्रेम आमचंही आहे. पण जमानो इंटरनेटनो छे, भाई!"

मग काय! सरांचा लाडका विद्यार्थी अभिषेक याच विभागात शिकून अमेरिकेत इंजिनिअर झाला होता. तो इंटरनेटवरून थेट वर्गात बोलेल आणि त्याला बघून ट्रस्टी लोण्यासारखे वितळतील, असा सरांचा बेत. मेहुण्याच्या नंदेसरी गावातल्या कारखान्यातून प्रोजेक्टरही आला.

ट्रस्टी मागच्या बाकांवर गुडघे दुमडून कसेबसे बसले. सरांनी बटण दाबलं आणि भिंतीवर अभिषेक उगवला, तो उलटा! कारखान्यात प्रोजेक्टर छताला टांगलेला असे, त्यामुळे चित्र उलटं पाडायची त्याला सवयच लावून ठेवलेली!

"नमस्कार सर!" वटवाघळासारखा लटकलेला अभिषेक म्हणाला. मुलांनी माना वाकड्या केल्या. जयसिंगरावांनीही केली.

सरांनी सरळ प्रोजेक्टरच पालथा घातला. अभिषेक सुलटा झाला.

"सर, मला नुसता पंखा दिसतोय!"

सरांनी कॉम्प्युटरवरचा कॅमेरा खाली वळवला.

"आता तुमचं टक्कल!"

"असू दे रे. तू आपल्या शाळेबद्दल बोल."

अभिषेकनं हात जोडले. "सर, आज मी जो काही आहे, तो..."

आणि चित्र थिजलं! हात जोडलेले, डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं.

"नेट गेलं," सर म्हणाले. पण गेलं होतं ते चित्र. आवाज चालूच होता.

"कट झाला वाटतं. सुटलो!" भिंतीवरचा अभिषेक ओठ न हलवता बोलला.

"असं काय रे बोलतोस?" हा त्याच्या बायकोचा आवाज.

"अगं मालविका, सरांना नाही कसं म्हणू? देवमाणूस आहे. पण खोटं तरी किती बोलायचं? कॉलेजात पहिलं वर्षभर मी तोंड उघडलं नाही. उघडलं की माझ्या इंग्रजीला सगळे हसायचे. होस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडायचो. आपल्या इराला घालशील तू असल्या शाळेत?"

"अभिषेक! अरे, आवाज येतोय!" सर ओरडले. तिकडे काही पोचेना. त्यांनी धावत जाऊन स्पीकरची वायर उपटली. ती निघाली प्रोजेक्टरची! खिडक्या लावलेल्या वर्गात अंधार झाला आणि आवाज तेवढा उरला, आधीपेक्षाही स्वच्छ!

"बंदच होऊ दे तो विभाग. सरांचा जीव तुटेल, पण मुलं तरी सुटतील."

कोणी हसलं नाही. सर वायर हातात धरून उभे राहिले. प्रत्येक नव्या वर्गाला ज्याचं नाव ते अभिमानानं सांगत आले, तो नळ सोडून रडत होता, हे त्यांना आज कळत होतं.

तेवढ्यात आवाज मोठा झाला. "हॅलो, सर? लागला का परत? मधे काही ऐकू नाही ना आलं?"

सरांनी घसा खाकरला. "नाही रे बाळा. काहीच नाही. नेट गेलं होतं."

"आलं की सर! सगळं आलं!" अकराही मुलं एका सुरात ओरडली.

आणि या वेळी कॉल खरंच कट झाला.

जूनमध्ये मराठी विभाग बंद झाला. चिटणीस सरांना मात्र ट्रस्टनं इंग्रजी विभागात सामावून घेतलं. इतिहासासाठी नव्हे हो! अख्ख्या शाळेत प्रोजेक्टर लावता येणारे ते एकटेच होते!