सुभानअण्णांची उलट टपाली उत्तरं

आमचे घरमालक सुभानअण्णा या निवडणुकीत प्रत्येक प्रचाराच्या मेसेजला उत्तर देतात. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. उमेदवाराचा हात जोडलेला फोटो आला, की चष्मा पुसायचा आणि एका बोटानं टाइप करायचं : 'नमस्कार. मेसेज पोचला. तुमचं जेवण झालं का? तब्येत सांभाळून प्रचार करा.' रेकॉर्ड केलेला फोन आला, तरी तो संपेपर्यंत कन्नडमध्ये 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', म्हणत उभे राहतात. मध्येच ठेवणं बरं दिसत नाही म्हणे!

बरं, एकाच पक्षाला लिहितील तर शपथ. तिन्ही पक्षांना तेच उत्तर, आणि तिघांनाही शेवटी 'आमचा आशीर्वाद आहे.'

"अहो अण्णा, मत नक्की कुणाला?" मी एकदा विचारलं.

"मताचं वेगळं, उत्तराचं वेगळं. स्वल्प तरी रीत नको का?"

माझ्या डोक्यावरून गेलं. अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे बंगळुरात आलं. घरात मराठी, दारात कन्नड. मी तीन वर्षांपूर्वी नाशिकहून मारतहळ्ळीला आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. आता खरी गोची सांगते. हे मेसेज पाठवणं हीच माझी नोकरी! तीनपैकी एका पक्षाचा डिजिटल प्रचार आमच्या कंपनीकडे आहे. कुठल्या वयाला कुठला व्हिडिओ, कुठल्या गल्लीला पाण्याचं आश्वासन नि कुठल्या गल्लीला मेट्रोचं, हे मी ठरवते. आणि आमच्या वॉर्डातून प्रतिसाद किती? अण्णा धरून एक. साहेबांनी बजावलं होतं, महिनाअखेर आकडा हलला नाही, तर दुसरीकडे बघ.

एका सोमवारी आकडा हलला. असा हलला, की मला धडकीच भरली. सगळी उत्तरं आमच्याच गल्लीतून! तरुणांच्या नोकरी मेळाव्याला उत्तर : 'नक्की येतो, गुडघ्यानं साथ दिली तर.' पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलींसाठीच्या व्हिडिओला : 'गोड बोललीस बाळ. शिकतेस कुठे?' वय काय, बाई की बुवा, कशाचा म्हणून मेळ लागेना. आमचं सॉफ्टवेअर गोंधळलं, मीही गोंधळले. साहेब मात्र अजिबात गोंधळले नाहीत.

"ही सगळी उत्तरं बनावट आहेत. तूच बसून लिहिलीस. उद्या सकाळी खुलासा दे, नाहीतर येऊच नकोस."

मी पुन्हा उत्तरं वाचली. प्रत्येकात 'तुमचं जेवण झालं का?' मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तणतणत घराजवळच्या पार्कात गेले. बाकावर अण्णा, आणि भोवती अकरा म्हातारे-म्हाताऱ्या, हात लांब करून कुणी आपला, कुणी नातवंडाचा फोन धरलेले. अण्णा शेजारच्या पद्माक्कांना शिकवत होते, "अक्का, आशीर्वाद राहिला बघा तुमचा!"

"अण्णा! हा काय उद्योग मांडलाय? तुमच्यापायी माझी नोकरी चाललीय! साहेब म्हणतात, उत्तरं बनावट आहेत."

अण्णांचा चेहरा उतरला.

"चालली? अगं, ती राहावी म्हणून तर... त्या दिवशी जिन्यात आईला फोनवर सांगत होतीस, कुणी उत्तरच देत नाही म्हणून. रडत होतीस ग. म्हटलं, उत्तरच द्यायचं ना? देऊ की. एकट्याचं पुरेना, मग यांना बोलावलं." मग एकदम ताठ बसले. "बनावट म्हणतो काय तो? उद्या आम्ही सगळे येतो तुझ्या साहेबापुढे. बघू दे म्हणावं, माणसं आहोत का नाही!"

अकराही माना हलल्या. मी भांडायला आले होते हो. पण रडूच फुटलं. पद्माक्कांनी सरकून मला बसायला जागा केली.

"पण अण्णा," मी नाक पुसत विचारलं, "माझा पक्ष एकच. बाकीच्या दोघांना कशाला लिहिता?"

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. एवढी शिकलेली मुलगी आणि एवढं साधं कळू नये?

"तिकडेही कुणाची तरी पोर बसली असेल ना ग?"