टिटवीची चार अंडी आणि एक पाटी

एका जंगलात, मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी, संध्याकाळी सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी सूर्य दुसऱ्यांदा उगवला.

तो खरा सूर्य नव्हता, बाळांनो. खरा मघाशीच डोंगरामागे गेला होता. हा दिव्यांचा सूर्य होता, बैलगाडीच्या चाकाएवढा. त्या जंगलात दरवर्षी पौषात महिनाभर प्रकाशमहोत्सव भरायचा आणि त्याचीच ही चाचणी चालली होती. माकडांनी झाडाझाडांतून वायर ओढली होती. तळ्यावर हत्तीएवढं कमळ पेटत होतं, विझत होतं. काजवे बेकार होऊन पानाखाली बसले होते.

कौसा टिटवी यंदाच लग्न होऊन नदीपलीकडून आली होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. टिटव्यांकडे कॅलेंडर नसतं. दिवस मोठा झाला की उन्हाळा आला, आणि उन्हाळा आला की अंडी घालायची, एवढंच त्यांच्या घरात शिकवतात. चाचणी दहा दिवस चालली. दहा दिवस उजेड काही हटेना. अकराव्या दिवशी कौसाने माळावर चार अंडी घातली.

मग तिला हुडहुडी भरली.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्याकडे उन्हाळ्यात इतकी थंडी असते?"

टिटव्याने आभाळाकडे पाहिलं. मग अंड्यांकडे पाहिलं. "कौसा, उद्या पौष लागतोय."

"मग मला आधी नाही का सांगायचं?"

"तू विचारलं नाहीस."

असे नवरे सगळ्या जंगलांत असतात, बाळांनो. मनाला लावून घ्यायचं नाही.

आता टिटव्या घरटं बांधत नाहीत. उघड्या माळावर चार खडे सारतात आणि त्यात बसतात. अंडीही खड्यांसारखीच दिसतात. शत्रूला कळू नये म्हणून ही युक्ती. युक्ती इतकी चांगली, की मित्रांनाही कळत नाही. आणि महोत्सवाची वाट नेमकी त्याच माळावरून आखलेली.

कौसा पळत भाऊसाहेबांकडे गेली. भाऊसाहेब गवा हे महोत्सवाचे अध्यक्ष. शेजारी सेक्रेटरी सायाळबाई उभ्या होत्या. त्यांच्या पाठीवरच्या एकेका काट्याला एकेक कागद टोचलेला होता, म्हणून त्यांना ऑफिस लागत नसे.

"भाऊसाहेब, तुमच्या वाटेत माझं घर येतंय."

सायाळबाईंनी पाठीवरून नकाशा काढला. "इथे खडे दाखवलेत, वहिनी. घर नाही."

"त्यातली चार माझी अंडी आहेत."

"असं खडे दाखवून कुणीही म्हणेल."

"जरा बाजूला घ्या ना," भाऊसाहेब मायेने म्हणाले. "चारच तर आहेत."

"उचलता येत नाहीत हो. आमच्यात अंडं एकदा ठेवलं की जागचं हलवत नाहीत."

"मग घालण्याआधी अर्ज करायचा. पुढच्या खेपेला लक्षात ठेवा."

आणि ते तिला पोचवायला म्हणून माळापर्यंत आले. त्यांचा खूर अंड्यांपासून वीतभर अंतरावर पडला. कौसाचा जीव चोचीत आला. भाऊसाहेबांना काहीच कळलं नाही. ते वर सूर्याकडे बघत होते.

महोत्सव सुरू झाला. नीलगायी आल्या, ससे आले, रानडुकरं सहकुटुंब आली. सगळ्यांच्या माना वर. दिवे वर असतात आणि पाय खाली असतात, हीच तर प्रकाशमहोत्सवाची अडचण असते.

कौसा ओरडली, "टिटीव, टिटीव, खाली बघा."

एरवी टिटवी ओरडली की हेच लोक अपशकुन म्हणून तिला हाकलत. त्या दिवशी थोरली नीलगाय डोळे मिटून म्हणाली, "यंदा आवाजसुद्धा ठेवलाय वाटतं. किती आतून आलाय." आणि ऐकायला आणखी जवळ सरकली.

मग कौसाने तिच्या आईची जुनी युक्ती काढली. पंख मोडल्याचं सोंग करून ती फरफटत लांब निघाली. साप असो, कोल्हा असो, या सोंगाच्या मागे लागतो आणि अंड्यांपासून दूर जातो. गर्दीही मागे गेली. कौसाला हायसं वाटलं. पण गर्दीने टाळ्या वाजवल्या आणि ती पुन्हा जागेवर येऊन उभी राहिली.

"पुन्हा एकदा, बाई. आमच्या बाळ्याचं बघायचं राहिलं," रानडुकरीण म्हणाली.

कौसाने एकोणीस वेळा पंख मोडला. विसाव्या वेळी तो खरंच लचकला.

ती एका दगडाआड टेकली. पोटाशी थंडी, पाठीशी गर्दी. टिटवा अंड्यांवर बसून थरथरत होता. "आता काय करायचं गं?" त्याने विचारलं. बायको दमली की नवऱ्यांना असे प्रश्न सुचतात.

तेवढ्यात कौसाला एक गंमत दिसली. थोड्या अंतरावर चार चेपलेले लोटे ओळीने मांडले होते. प्रत्येकात एक मिणमिणता दिवा. गर्दी सगळीकडे घुसत होती, पण लोट्यांपाशी आली की तिचे आपोआप दोन भाग व्हायचे. रानडुकरं पोटं आत घेऊन जात होती. खुद्द भाऊसाहेब चवड्यांवर चालत होते.

लोट्यांपुढे एक पुठ्ठ्याची पाटी होती. कौसाने अक्षरं जुळवून वाचलं: "कलाकृती क्रमांक सात. चार प्रश्न. कृपया हात लावू नये."

"अहो," कौसा म्हणाली, "उठा. ती पाटी आणू."

"चोरी होईल ती."

"आपली पण चारच आहेत ना? मग शोभेल."

सगळे तळ्यावरचं कमळ बघायला वळले, तेव्हा दोघांनी पाटी ओढत आणली आणि अंड्यांपुढे रोवली. तिकडे बिनपाटीचे लोटे अर्ध्या तासात सपाट झाले. सायाळबाईंनी ते कचरा म्हणून उचलून टाकले.

आणि इकडे काय झालं सांगू? गर्दी थांबली. तीन हात लांब थांबली. त्याच खड्यांभोवती, त्याच पायांनी. भाऊसाहेबांनी स्वतः उभं राहून भोवती दोरी बांधली.

"खोल आहे," ससा म्हणाला.

"फार खोल," दुसरा ससा म्हणाला. ते दोघे बिळात राहतात, त्यांना खोलीतलं कळतं.

कौसा आपली येऊन अंड्यांवर बसली. लोकांना वाटलं, तीही त्यातलीच.

चौथ्या दिवशी मात्र पंचाईत झाली. लोट्यांचे कलाकार, वटवाघूळ सर, फेरी मारायला आले. लांबच्या शहरातून मानाने बोलावलेले. ते बाभळीला स्वतःला उलटं टांगून घेत आणि उजेडात त्यांना धड दिसत नसे. त्यांच्याशी बोलणारे सगळे मान उलटी करून बोलत.

सर बराच वेळ बघत राहिले. कौसाने पंखांखाली अंडी घट्ट धरली. आता हे म्हणणार, माझे लोटे कुठे आहेत. आता पाटी जाणार.

"हे मी केव्हा केलं?" सर पुटपुटले.

सगळ्यांनी माना उलट्या करून त्यांच्याकडे पाहिलं.

"चांगलं जमलंय," सर म्हणाले आणि झोपी गेले.

मग काय, पौष मजेत गेला. माणसाला बाळंतपणात मिळणार नाही अशी शांतता कौसाला मिळाली. शेवटच्या दिवशी कलाकृती क्रमांक सातला पहिलं बक्षीस जाहीर झालं. भाऊसाहेब शाल घेऊन आले. सरांना कुठून पांघरायची याची चर्चा चालू असतानाच अंड्यांना तडे गेले. टक, टक, टक, टक.

टिटवीची पिल्लं जन्मतःच पळतात, बाळांनो. चौघं चार दिशांना सुटली.

"अरे, हे तर पक्षी आहेत," रानडुकरीण म्हणाली. "घरच आहे की हे. आणि आम्ही महिनाभर लांबून जात होतो."

गर्दीचा क्षणात विचार बदलला. दोरी तुटली. पाय पुन्हा पडायला लागले.

"वहिनी, पोरं आवरा," भाऊसाहेब करवादले. "येण्याजाण्याची वाट आहे ही."

कौसाने भांडण केलं नाही. तिने ती मोठी पाटी आडवी पाडली, लचकलेला पंख सांभाळत चोचीने तिचे चार तुकडे केले, टिटव्याने शिट्टी घालून पिल्लं गोळा केली आणि तुटलेल्या दोरीच्या धाग्याने एकेकाच्या गळ्यात एकेक तुकडा बांधला. कोणाच्या वाट्याला "हात लावू" आलं, कोणाच्या "नये". धाकटीच्या गळ्यात नुसतं "कृपया".

गर्दी दचकून तीन हात मागे सरकली. भाऊसाहेब चवड्यांवर आले.

आणि कौसा टिटवी आपली चार लेकरं घेऊन भर गर्दीतून, अगदी मधोमध, घरी गेली.

तात्पर्य: इथे जीव आहे असं सांगून कोणी थांबत नाही, म्हणून लेकराची काळजी असेल तर खरं सांगत बसू नये, पाटी लावावी. तुमच्या आळीत कोणाकडे तान्हं असेल तर त्यांच्या कानावर एवढं घाला. आणि पाटीला दोरा ओवायचा तर भोक बाभळीच्या काट्याने पडतं, हेही आठवणीने सांगा.