टेकू दिला का?

इब्राहिम मिस्त्री लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी मांडवाचा खांब हलवून बघायचे. "टेकू दिला का?" मगच पहिला घास. एकदा कुणीतरी चिडवलं, "मिस्त्री, नवरदेवालाबी टेकू लावायचा का?" मिस्त्रींनी नवरदेवाकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "लावला तर बरंच होईल."

भूकंपानंतर ते आमच्या लातूरच्या गल्लीत एकटेच राहायला आले. माझ्या भिंतीला लागून त्यांची एक खोली. मला त्यांचा वैताग यायचा. दळण आणायला निघावं, तर कुठल्यातरी खड्ड्यापाशी हा माणूस मजुरांशी भांडत उभा. खड्ड्यांना तर तोटाच नव्हता. क्लाससाठी बाहेरगावाहून येणाऱ्या पोरांना राहायला रोज एक नवी इमारत उठत होती. "काळी माती हाय ही," मिस्त्री सांगायचे, "गोड बोलून गळा धरती." मजूर हसायचे. मीही हसायचे.

मग मीही मागं चार खोल्या बांधल्या, क्लासच्या पोरींसाठी. सांडपाण्याच्या नळाला रस्त्याच्या कडेनं चर खणायला घेतला. निलंग्याकडची सुमन आणि तिचा नवरा गोविंद कामावर होते. मी नारळ फोडला, लिंबू कापलं. चर डोक्याच्या वर खोल गेला आणि मिस्त्री आले.

"आक्का, टेकू?"

"नारळ फोडलाय."

"चांगलं केलं. पण नारळ माती धरत न्हाई."

"दोन घंट्याचं काम हाय. उद्या पोरींचे बाप येऊन राहिलेत."

त्यांनी वाद घातला नाही. चरात बघून म्हणाले, "सुमनबेटी, टोपलं दे वर." टोपलं वर आलं, तसं ते रस्त्यात पालथं घालून त्यावर बसले. "टेकूबिगर टोपलं न्हाई. दोघं वर या."

मी तोंडाला येईल ते बोलले. गोविंद वर येऊन म्हणाला, "चाचा, टेकूला फळ्या कुठून आणू?"

मिस्त्री टोपलं काखेत मारून घरी गेले. आतून ठोकाठोक ऐकू आली. मग एकेक करून फळ्या आल्या, जाड आणि वापरून गुळगुळीत झालेल्या. लाकडी बल्ल्या माझ्याच बांधकामावरच्या उचलल्या. चराच्या दोन्ही अंगांना फळ्या उभ्या केल्या, मधे आडव्या बल्ल्या ठोकून घट्ट बसवल्या. काठावरचा मातीचा ढीग मागं ओढायला लावला, शिडी सोडली. अर्धा दिवस गेला. माझा जीव जळत होता.

दुपारी रस्त्यानं पाण्याचा टँकर गेला. काठाला भेग पडली आणि फळ्या करकरल्या.

"वर!" मिस्त्री ओरडले.

सुमन शिडीनं वर आली, तिच्यामागं गोविंद. फळ्या वाकल्या, पण माती धरून राहिल्या. जिथं फळी फुगली होती, तिथंच मघाशी सुमन वाकून माती भरत होती. मी आणखी एक बल्ली ओढत आणली.

दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन त्यांच्याकडं गेले. खोलीत जमिनीवर सतरंजी होती.

"मिस्त्री, झोपायचं तख्त कुठं गेलं?"

"तुमच्या चरात हाय."

मी भाकरी खाली ठेवली. ते भाकरीकडं बघत म्हणाले, "रबियाला भिंतीखालून काढलं, तवा हात गरम होता, आक्का. एखादी फळी आडवी पडली असती तर..."

रबिया त्यांची बायको. मला समजूत घालता येत नाही. "भाकरी गार होऊन राहिली," एवढंच मी म्हणाले.

ते तख्त परत आलंच नाही. माझं काम झाल्यावर गोविंदनं पुढच्या चरासाठी मागून नेलं, तिथून दुसऱ्या टोळीनं. आता मिस्त्री दिसले की मजूरच आधी ओरडतात, "चाचा, टेकू दिला!" आणि मग खाली उतरतात.

मी त्यांना लोखंडी पलंग आणून दिला. लोखंडी अशासाठी, की तो मोडून चरात लावता येत नाही. मेल्याचा एक पाय आखूड निघाला. मिस्त्रींनी पलंग हलवला, माझ्याकडं बघितलं. तोंड उघडणार, तेवढ्यात मी विटेचा तुकडा पायाखाली सारला.

"दिला टेकू," मी म्हणाले. "बसा आता."

मिस्त्री बसले. पुन्हा हलवून न बघता.