परातीतला पाला

सासूबाई भाचीच्या बारशाला काओलाक गावी निघाल्या, तेव्हा त्यांनी नदेलाच्या हाती घराची किल्ली दिली नाही, कासव दिलं. माम त्याचं नाव. सासऱ्यांच्याही आधीपासून अंगणात वावरणारा.

"माम आहे तोवर घराला नजर लागत नाही," त्यांनी बजावलं. "आणि तो वाळला, तर गल्ली नव्या सुनेच्या पायगुणाला नावं ठेवते."

नव्या सुनेचा स्वयंपाक त्यांना एकदाही रुचला नव्हता, ते वेगळंच.

बस सुटली नि मामचं पोट बिघडलं. नदेला त्याला घमेल्यात घालून धापा टाकत रुफिस्क गावातल्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तिलाच फैलावर घेतलं. कासवाला कुणी मासे-भात घालतं का? गवत, पाला, जास्वंदीची पानं, बाकी सगळं बंद.

मेंढ्यांसाठी विकतात तो भुईमुगाचा पाला तिने आणला. मामने मान आत घेतली. शेजारणीच्या कुंपणावरची जास्वंद ओरबाडली. शेजारीण भांडून गेली, माम ढिम्म. निवडुंगाचे काटे काढताना बोटांची चाळण झाली, तोही त्याने हुंगून सोडला. तिच्या जिवाला चैन पडेना. घडोघडी उठून ती त्याचे गाल बसलेत का बघायची. आता कासवाचे गाल बसलेलेच असतात, हे तिला कोण सांगणार!

शेवटी तिचा नवरा मालामिन म्हणाला, "त्याला वेगळ्या ताटलीत वाढतेस म्हणून रुसलाय. तो आईशेजारी, सगळ्यांच्या परातीत जेवतो."

तिने चटई टाकली, मोठ्या परातीत पाला पसरला. माम आला आणि दोघांच्या तोंडाकडे बघत बसला.

"हात घाल," मालामिन कुजबुजला. "आपण जेवल्याशिवाय तो कसा जेवेल?"

दोघं पाल्याचे घास तोंडाशी नेऊ लागली. मामने मान लांबवली. एक पान खाल्लं, मग दुसरं. नदेलाला रडू फुटलं. तेवढ्यात दारात सासूबाई, डोक्यावर गाठोडं.

जेवणाच्या वेळी दारात आलेल्याला बसवायचं, हे नदेलाच्या हाडात भिनलेलं. तोंडून निघूनच गेलं, "या आई, बसा जेवायला."

सासूबाईंनी परात पाहिली. लेकाच्या ओठाला चिकटलेलं पान पाहिलं. मग सावकाश हात धुऊन त्या मामशेजारी आपल्या जागेवर बसल्या आणि एक कोवळं पान निवडून त्याच्यापुढे सारलं. त्याने ते खाल्लं, काठाला लागलेलंही टिपलं.

"तुझ्या हातचं या घरात पहिल्यांदाच कुणी एवढं आवडीनं खाल्लं," त्या सुनेला म्हणाल्या आणि लेकाकडे वळल्या. "तू का थांबलास? खा की."