पहिले मोरी दखाड

नीरजा, ईशान,

तुम्ही परवा निरोप पाठवून विचारलंत, लोणखेड्याला आजीकडे येऊ तेव्हा शहाद्यात उतरायला बरं हॉटेल कोणतं. हॉटेलं आहेत. नावं कळवते. पण आधी शेजारच्या यमुनाआक्काबद्दल लिहिते. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

यमुनाआक्का कुणाच्याही घरी गेली की बसत नाही. चपला काढते आणि सरळ मागच्या दाराकडे चालू लागते. "च्या ऱ्हाऊ दे. पहिले मोरी दखाड." म्हणजे चहा राहू दे, आधी मोरी दाखव. मग ती वाकून जाळी उचलते, कडेनं बोट फिरवते आणि बोटाचा वास घेते. पसंत पडलं तर चहा. ती रस्त्यावर दिसली की अर्धी गल्ली मोरीत पाणी ओतते.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेली, तेव्हाही हेच. मुलगी शिकलेली, बोलायला गोड. आक्का मोरी पाहून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पोर गोरी शे, पन मोरी देखा ना!" सोयरीक मोडली. त्या मुलीचा नाशिकला छान संसार चालला आहे. पुतण्या अजून बिनलग्नाचा आहे.

एकदा आम्ही दोघी एका घरी दुःखाला भेटायला गेलो. बायका रडत होत्या. मागे पाणी तुंबल्याचा आवाज आला आणि आक्काचं रडणं थांबलं. पदर खोचून ती आत गेली, जाळीखालून केसांचा गुंता ओढून काढला आणि हात धुऊन पुन्हा येऊन बसली. "मरनारा गया, पन मोरी कसाले तुंबाडी ठेवी?" एवढं विचारलं आणि पुन्हा रडायला लागली.

तिच्या स्वतःच्या बैठकीत मात्र टीपॉयवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ असते. मी बोलले तर म्हणते, "धूय वारावर उनी, वारावर जाई." वाऱ्यानं आली, वाऱ्यानं जाईल. जे वाऱ्यानं जात नाही, त्याच्यामागे ती हात धुऊन लागते. नारळाची शेंडी, तार आणि ॲसिडची बाटली ही तिची हत्यारं. ॲसिडला ती तेजाब म्हणते. नवरा वारला त्याच आठवड्यात त्याचा दात घासायचा ब्रश संडासाच्या कामाला लागला. मला ते आवडलं नाही. ती म्हणाली, "त्याना दात गयात. ब्रश चांगला शे."

हे वेड पहिल्यापासूनचं नाही. तिचा मुलगा दिनेश पुण्याला असतो. लग्नानंतर तो बायकोला घेऊन प्रथम आला, तेव्हा संडास अंगणात, पेरूच्या झाडाखाली होता. सुनेनं दार उघडलं, आत पाहिलं आणि दार लावलं. दोघं रात्री शहाद्याला लॉजवर झोपायला गेली. पुढच्याच महिन्यात आक्कानं घरात कमोड बसवला, भिंतींना पांढऱ्या फरश्या लावल्या आणि घासायला सुरुवात केली. दिनेशनं एक रात्र तरी या घरात झोपावं, एवढंच तिला हवं होतं.

आमच्या बोअरचं पाणी खारं. कमोडवर त्याचा थर चढायचा, आक्का वर तेजाब ओतायची. थर जायचा आणि जाताना थोडी चकाकी घेऊन जायचा. चकाकी गेलेल्या जागी पिवळेपणा धरायला लागला. मी सांगितलं, ॲसिड पुरे, भांडं खातंय ते. तर म्हणाली, "तू शिकेल बाई. तुले घान चालस, माले नही चालस."

गेल्या उन्हाळ्यात दिनेश बायको-मुलीला घेऊन आला. आक्कानं गोधड्यांना ऊन दाखवून ठेवलं होतं. नात आत गेली आणि तशीच परत आली. "पप्पा, सगळं यलो आहे. मी नाही जाणार."

जेवणं झाल्यावर तिघंही निघाली. मी फाटकाशी दिनेशला गाठलं. "अरे, एक रात्र राहा. पोरीला माझ्याकडे पाठव."

"तसं नाही हो मावशी," तो गाडीत बॅग ठेवत म्हणाला. "रूम पुण्याहूनच बुक केली होती."

दुसऱ्या दिवशी ती मंडळी परस्पर पुण्याला गेली. संध्याकाळी आक्का माझ्याकडे आली आणि मागच्या दाराकडे न जाता खाली बसली.

"तू सांगे ते खरं व्हतं. तेजाबनी घात कया. पिवयं देखीसन मन्हा आंडोर गया."

पिवळं पाहून तिचा मुलगा गेला, असं तिला वाटतं. मी त्या रूमचं काही बोलले नाही. ॲसिडवर राग काढता येतो.

म्हटलं, "नवा बसव."

तिनं बसवला. आता त्याला तेजाब लावत नाही आणि बोअरचं पाणीही लागू देत नाही. पिण्याच्या पाण्याचा जार येतो, त्या पाण्यानं रोज सकाळी धुते आणि मऊ फडक्यानं पुसून कोरडा करते. ती स्वतः अंगणातल्याच संडासात जाते. घरातला आधीचाही तिनं कधी वापरला नव्हता.

नवा पांढराशुभ्र आहे.