ब्लॅडरवर्टला श्रावण लागतो

"अहो, हे पाण्यात काय वळवळून राह्यलं?" उमाबाईंनी बाटली उजेडात धरली.

"झाडाचं जेवण," गुणाकर म्हणाले आणि तिथंच फसले.

व्हरांड्यातल्या टांगत्या कुंडीत त्यांचं ब्लॅडरवर्ट होतं. हे रानात दुसऱ्या झाडांच्या शेवाळलेल्या खोडांवर वाढतं आणि शिकार करतं. शेवाळात दडलेल्या त्याच्या धाग्यांना मोहरीहून बारीक फुगे असतात. पाण्यातले जेमतेम दिसणारे जीव ते गिळून टाकतात. कोईमतूरहून कुरियरनं आलेल्या या झाडाला तीन वर्षांत एक फूल आलं नव्हतं. व्हॉट्सअॅपवरच्या, अशा झाडांच्या शौकिनांच्या गटात बाकीचे ऑर्किडसारखी फुलं टाकायचे आणि गुणाकरांच्या फोटोखाली लिहायचे, 'गवत छान वाढलंय.' माणसानं ऐकून घ्यायचं तरी किती? झाड उपाशी आहे, असं ठरवून त्यांनी तळ्याचं पाणी भरून आणलं होतं.

"सावन लागला आन तुमी घरात जिते जीव चारून राह्यले?"

"सावन त्या शेजारच्या दुलीचंदचा लागला! आपला श्रावण अमावस्येनंतर. पंधरा दिवस हायेत अजून!"

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात हा घोळ दरसालचाच. हिंदी घरांचा सावन पौर्णिमेनंतर लागतो आणि राखीला सुटतो. मराठी घरांचा श्रावण पंधरा दिवस उशिरा लागून पोळ्याला सुटतो.

"कुंडी कोणाच्या भिंतीले टांगली? दुलीचंदभाऊच्या. मंग तिले त्यायचाबी लागते आन आपलाबी."

म्हणजे पंचेचाळीस दिवस! सदतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या गुणाकरांनी इतका अन्यायाचा आदेश पाहिला नव्हता.

"अवं, ते मांसाहारी झाड हाय!"

"तुमीबी मांसाहारीच. पाळता नं?"

बाटली मोरीत रिकामी झाली. त्या दिवसापासून उमाबाई पावसाचं पाणी धरत, उकळत, निववत, तिहेरी फडक्यातून गाळत आणि मगच कुंडीला घालत. चुकून एखादा जीव पोटात जायला नको! ही बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ? बायका झाड पाहायला येऊ लागल्या. दुलीचंदच्या बायकोनं, सरितानं, तर चक्क हात जोडले. "देखो तो, पौधा भी व्रत रखता है!"

"व्रत नाही, उपासमार हाय ही!" गुणाकर दारातून ओरडले. कोणी ढुंकून पाहिलं नाही.

पंचविसाव्या दिवशी पानांतून दांडा वर आला. पोळ्याच्या सकाळी त्यावर पांढरंशुभ्र, मधे पिवळा ठिपका असलेलं फूल उमललं. गुणाकरांचे डोळे भरून आले. लगेच संतापही आला. तीन वर्षं राबले ते, आणि श्रेय कोणाला?

"हे पावसाच्या पाण्यानं झालं," ते म्हणाले.

"काहून? पाऊस का यंदाच पडला?"

गटात फोटोवर अभिनंदनाचा पाऊस पडला. 'खाद्य काय देता?' असं तिघांनी विचारलं. गुणाकरांनी फोन बंद करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच मटण घेऊन आले. उमाबाई फाटकातच उभ्या होत्या.

"म्या काही म्हणत नाही. दांड्यावर दुसरी कळी हाय, एवढंच सांगते."

"अंधश्रद्धा!" गुणाकर गरजले. "शिकल्यासवरल्या माणसाच्या घरात हे असे धंदे! मी आजच खाणार, अन् दोन वाट्या जास्त खाणार!"

उमाबाई आत गेल्या. गुणाकर पिशवी धरून कुंडीसमोर उभे राहिले. कळी बारीक होती, घट्ट मिटलेली होती. मग ते तरातरा शेजारी गेले.

"दुलीचंदजी, आपका सावन छूट गया ना?"

"राखी को ही छूट गया, भाईसाब."

"तो लो!" म्हणत त्यांनी पिशवी दुलीचंदच्या हातात कोंबली आणि पुटपुटत घरी आले. दुपारी ते वरण-भाताच्या ताटावर बसले.

इतक्यात शेजारच्या कुकरची तिसरी शिटी झाली आणि रश्श्याचा वास भिंत ओलांडून आला. गुणाकर ताटावरून उठले. स्टूल घेतलं, कुंडी उतरवली, थेट आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि दार लावून घेतलं.

"आता काय झालं?" उमाबाईंनी विचारलं.

"त्या दुलीचंदले काही अक्कल हाय का नाही?" गुणाकर कडाडले. "झाडाले वास लागून राह्यला नं!"